ओरडणं सोडलं तेव्हा

माझं लहानपण कामतघर भागातल्या ज्या चाळीत गेलं, तिच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. खटाखट सतत चालायची, आणि कधी थांबतच नसल्यामुळे ती आम्हाला ऐकू येत नसे. फळीवरची भांडी त्या हादऱ्यानं हळूहळू पुढं सरकायची आणि आई येता-जाता ती हातानं मागं ढकलायची. लाइट गेली की लूम बंद पडायचे. मग मात्र आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो. अशा वेळी आईचा आवाज एकदम केवढा मोठा वाटायचा! "पीठ आणायला सांगितलं होतं ना?" एवढंच ती म्हणालेली असायची, पण ते साऱ्या चाळीला कळायचं.

वडील लूमवर कामाला होते. ड्युटी संपवून घरी आले तरी ते लूमच्या मधोमध उभे असल्यासारखेच बोलायचे. आई मोरीतून बोलायची, मी गॅलरीतून उत्तर द्यायचे. कोणी रागावलेलं नसायचं. वळ गावाहून आत्या आली की उंबऱ्यातच थबकायची आणि विचारायची, "काय गो, भांडताय काय?" आम्हाला तिचं हसू यायचं. आमच्या घरात हळू फक्त आजारी माणूस बोलायचं.

पुढं मी डी.एड. केलं आणि त्याच भागातल्या एका मराठी शाळेत प्राथमिकची शिक्षिका झाले. तिथं हा आवाज माझं भांडवलच ठरला. वर्ग भरगच्च, खिडकीबाहेर टेम्पो, पलीकडच्या गल्लीत पुन्हा लूम. नवीन आलेल्या शिक्षिकांचा घसा आठवड्यात बसायचा. माझा आवाज मात्र मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचा. खेळांच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमच्या या बाईंना माइक लागत नाही." मी मान खाली घालून हसायचे आणि मनातून फुगायचे.

सासरही जवळचंच मिळालं. सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या आबांचा, जन्म लूमवर गेलेला, त्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं. नवरा काल्हेरला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. दिवसभर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकवाल्यांना हाका मारून तो घरी यायचा. आम्हाला मुलगी झाली. तीही आमच्यातलीच. सासूबाई तेवढ्या हळू बोलायच्या, पण त्या लवकर गेल्या. त्यानंतर आमच्या घरात हळू बोलणारं कोणी उरलं नाही.

आवाज बसायला लागला तो एका दिवाळीच्या सुट्टीनंतर. सुरुवातीला शुक्रवारपर्यंत घसा खरखरायचा आणि सोमवारी पुन्हा मोकळा व्हायचा. ज्येष्ठमध चघळलं, खडीसाखर तोंडात ठेवली, हळदीचं दूध घेतलं. मग सोमवारीही तो मोकळा होईना. बोलण्याआधी खाकरायची सवय लागली. एक वाक्य की एक खाकरणं. फोनवर कुरिअरवाला म्हणायचा, "हां सर, पार्सल है." आधी एकदा हसले, नंतर त्याला दुरुस्त करायचंही सोडून दिलं.

एके दिवशी पहिलीच्या वर्गात मी कावळ्याची गोष्ट सांगत होते. कावळा झाडावर बसलेला, त्याला खाली काहीतरी दिसलेलं, आणि आता तो बोलणार होता. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. बसका नाही, फाटका नाही, नुसती हवा. मुलांना वाटलं, हा गोष्टीचाच भाग आहे. ती अगदी गप्प बसून वाट बघत राहिली. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेवटी म्हणाली, "बाई, पुढं?"

मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवाच. मग एकजण हसला, दुसऱ्यानं तिसऱ्याला ढकललं आणि बघता बघता सगळा वर्ग उठला. तो थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी डस्टर टेबलावर आपटत राहिले. शेवटी शेजारच्या वर्गावरच्या बाई आल्या, त्या एकदा ओरडल्या आणि शांतता झाली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तीत कीव होती. ती मला फार लागली.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात बसवून पाणी दिलं. "हे बघा, पुढच्या वर्षी तुम्ही ऑफिसला या," त्या म्हणाल्या. "पोषण आहाराचं काम आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे. घशाला आराम पडेल." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण वर्ग सोडून मी कॉम्प्युटरसमोर बसलेय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि बोटानं माझा वर्ग दाखवला. "आधी डॉक्टरांना तरी दाखवा," त्या म्हणाल्या, "मग बघू."

ठाण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात कॅमेऱ्याची नळी घालून "ई म्हणा" असं सांगितलं. पडद्यावर दोन पांढरट पट्ट्या दिसल्या आणि दोन्हींवर मधोमध एकेक बारीक दाणा.

"कुदळ मारणाऱ्याच्या हातावर घट्टे पडतात, तसेच हे," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करता येईल. पण ज्या बोलण्यानं हे झालं ते तसंच राहिलं, तर पुन्हा येतील. आधी बोलणं बदला. काही महिने मनापासून करा."

"शाळेत काम करते," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वर्गात ओरडावंच लागतं."

"लागतं, की सवय आहे?" त्यांनी विचारलं आणि मला आवाजाच्या एका थेरपिस्टकडे पाठवलं.

ती माझ्याहून बरीच लहान, चष्मेवाली मुलगी होती. पहिल्या भेटीत तिनं मला काही शिकवलंच नाही. फक्त एवढंच सांगितलं, की एका संध्याकाळी घरात फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि विसरून जा. पुढच्या वेळी आम्ही दोघींनी ते ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि त्या सगळ्याच्या वर मी. स्वयंपाकघरातून लेकीला हाक. बाथरूममधून नवऱ्याला टॉवेल मागितलेला. गॅलरीतून खाली भाजीवाल्याशी घासाघीस. आबांना "जेवायला या" हे चारदा, आणि चारही वेळा आतल्या खोलीतून. मला वाटत होतं, त्या संध्याकाळी आपण जरा सांभाळूनच बोललो होतो.

रेकॉर्डिंग थांबवून ती म्हणाली, "ताई, एक गोष्ट लक्षात आली का? तुम्ही कोणाकडे बघून बोलतच नाही."

परतताना रिक्षात मी आठवत राहिले. लेकीशी समोर बसून शेवटचं कधी बोलले होते? आबांशी? आठवेना.

तिनं चार गोष्टी करायला सांगितल्या. आधी आठवडाभर संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो. नंतर बोलायचं ते हातभर अंतरावरच्या माणसाशी. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं. आणि रोज सकाळी पेल्यात पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. हे शेवटचं ऐकून मला हसूच आलं. ती मात्र गंभीर होती. "रोज म्हणजे रोज," ती म्हणाली. "बरं वाटत असलं तरी."

मी रजा टाकली आणि मौन सुरू केलं. पहिल्या दिवशी दुपारीच घरात गडबड उडाली. लेकीनं आबांना सगळं समजावलं होतं, पण ते तिनं दारातून ओरडून समजावलं होतं आणि त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. संध्याकाळी नवरा आल्या आल्या आबांनी त्याला दारातच गाठलं.

"सूनबाय रुसली हाय काय? सकालधरनं एक शब्द बोलली न्हाय."

"नाही हो, घसा बसलाय तिचा."

"काय?"

"घसा! घसा!"

"कसा म्हंजे? मला काय म्हाईत कसा!"

मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर दाबून हसत होते आणि हसायचीही भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर गेले. तोंड बंद. विचारायचं कसं? हात आपोआप वर गेला: अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली, आणि अंगठा ओठांकडे. माझे वडील कारखान्यात, लूमच्या त्या गदारोळात, दूरच्या माणसाला चहाचं असंच विचारायचे. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा हे बघितलेलं. आबा क्षणभर माझ्या हाताकडे बघतच राहिले. मग त्यांनी दोन बोटं चिमटीत धरून दाखवली आणि हात हलवला. थोडा, आणि साखर नको. मला लगेच कळलं.

चहा पिताना ते म्हणाले, "तुज्या बापाच्या कारखान्यात असं करत व्हते काय? आमच्यात न्हाय. आमच्यात चहा असा." आणि त्यांनी बशी फुंकल्यासारखं करून दाखवलं. त्या आठवड्यात आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं माझं लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो. धागा तुटला, मालक आला, जेवायला चल, मी मुतारीला जातो, याच्यावर लक्ष ठेव. सगळ्यासाठी खुणा होत्या. शेवटची खूण दाखवताना ते लाजले आणि मीही.

मौन सोपं गेलं. खरं अवघड होतं ते त्यानंतरचं. गप्प बसायचं ठरवलं की माणूस गप्प बसू शकतं. पण बोलायचं आणि ओरडायचं नाही, हे दिवसाला कितीदा तरी नव्यानं ठरवावं लागायचं. पहिल्याच सकाळी मी आंघोळीला गेले होते आणि गॅसवर दूध होतं. वास आला आणि मी दाराआडून जीव खाऊन ओरडले, "दूध!" दूध वाचलं, घसा गेला. माझं तोंड माझ्याआधी उघडायचं. ठरवलेलं आठवेपर्यंत हाक निघून गेलेली असायची.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला: आधी पाय, मग तोंड. कोणाशी बोलायचं असेल तर आधी उठायचं आणि चालायला लागायचं. तोंडाला 'गप्प बस' सांगून ते ऐकत नव्हतं. पायांना 'चल' सांगितलं तर ते ऐकायचे. आमचं घर काही मोठं नाही, तरी संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या. चालता चालता एक कळलं, की जे सांगायला निघालोय त्यातलं बरंच सांगण्यासारखं नसतंच. 'पंखा बंद कर', 'चपला नीट ठेव', 'किती वेळ मोबाइल'. अर्ध्या वाटेत मी पंखा स्वतःच बंद करायचे आणि परत यायचे. घरात माझी कटकट कमी झाली, हे नवऱ्याच्या आधी लेकीच्या लक्षात आलं.

गॅलरीतल्या शेजारणीला मात्र मी शिष्ट झाल्यासारखी वाटले. पूर्वी आम्ही आपापल्या दारातून गप्पा मारायचो. आता तिनं हाक मारली की मी नुसता हात करायचे आणि चालत तिच्यापर्यंत जायचे. "बाई, हल्ली फार भाव खाता हां," ती म्हणाली. मी तिच्या कठड्याला टेकून सगळी हकीकत हळू सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आमच्या ह्यांनाही घेऊन जा की तिकडं."

रोज सकाळी स्ट्रॉचा कार्यक्रम असायचा. रसवंतीवाल्याकडून मी स्ट्रॉची जुडी आणली होती. ओट्याशी उभं राहून मी पेल्यात 'ऊ' करायचे आणि पाणी गुडगुडायचं. नवरा डबा भरून घेताना म्हणायचा, "हुक्का झाला का?" कधीकधी फार कंटाळा यायचा. आवाजात काडीचा फरक नाही आणि आपण चाळिशीतल्या बाईनं रोज बुडबुडे काढायचे? तरी करायचे. बरं वाटत नसलं तरी करायचं, असं मीच त्या मुलीच्या वाक्यापुढं जोडून टाकलं होतं.

आणि मग एका रविवारी सगळं घसरलं. आबांचा टीव्ही. त्यांना ऐकू यावं म्हणून तो पूर्ण आवाजावर असायचा, आणि मग घरातला प्रत्येकजण त्या आवाजाच्या वर बोलायचा. त्या दिवशी पाहुणे यायचे होते. मी चालत गेले, समोर उभी राहिले, खूण केली. ते टीव्हीकडेच बघत होते. पुन्हा खूण केली. मग मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"माज्या घरात मी टीवी बी बघू नको?" ते कडाडले.

आणि मी ओरडले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी घसे फोडून घ्यायचे का, असंही बोलून गेले. लेक दारात येऊन उभी राहिली. आबा उठून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझा आवाज पूर्ण गेलेला. नवरा माझ्या शेजारी बसला आणि खरंच काळजीनं म्हणाला, "अगं, कशाला एवढा त्रास? ऑफिसचं काम देतायत तर घे ना. नाहीतर सोड नोकरी. घरात काही अडलेलं नाही."

मला त्याचा राग आला नाही. पण त्याच वेळी मला पक्कं कळलं, की ऑफिसात गेले तर मी सुटेन, ओरडणं सुटणार नाही. घरी मी तशीच ओरडत राहीन आणि माझी लेक तिच्या घरी ओरडत राहील. मी उठले, पेला घेतला, त्यात पाणी भरलं आणि स्ट्रॉ बुडवली. आवाज नव्हताच, नुसती फुंकर. नवरा बघत राहिला. त्यानंतर त्यानं नोकरी सोडायचं पुन्हा कधी काढलं नाही.

आवाज थोडा परत आल्यावर मी आबांकडे गेले. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी स्टूल घेऊन अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं समोर बसले. बोलायला घाबरत होते, म्हणून फार हळू बोलले.

"आबा, चुकलं माझं. पण एक विचारू? तुम्हाला आमचं नेमकं किती ऐकू येतं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता 'काय?' म्हणणार. ते म्हणाले, "आता बोललीस ते समदं ऐकू आलं."

"मग आम्ही ओरडतो तेव्हा?"

"वरडता तवा निस्ता आवाज येतो. गोंगाट. शब्द न्हाय येत."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

त्यांनी खांदे उडवले. "समदीच वरडत व्हती. मला वाटलं, घराची रीतच हाय."

मला हसावं की रडावं कळेना. लग्न होऊन आल्यापासून मी ज्या माणसासाठी घसा ताणत होते, त्याला त्या ताणण्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. पुढच्या तपासणीला मी त्यांनाही बरोबर नेलं. सुरुवातीला ते नाहीच म्हणत होते. मग "तुला एकटीला कशाला पाठवू" अशा सबबीवर तयार झाले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: अशा कानांना ओरडलेलं तुटक ऐकू येतं, समोर बसून सावकाश बोललं तर बरं समजतं. कानाला लावायचं मशीन मिळालं. ते आबा दुपारी लावतात, टीव्हीचा आवाज आता निम्म्यावर असतो, आणि नावडता पाहुणा आला की मशीन हळूच खिशात जातं.

घर असं थोडं थोडं जमत होतं. वर्ग बाकी होता. रजा संपल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी परीक्षेपर्यंतची मुदत दिली. "वर्ग सांभाळता आला तर तुमचाच," त्या म्हणाल्या. "पण शेजारच्या वर्गांना त्रास नको."

पहिल्या दिवशी मी टेबलासमोर जाऊन हात वर करून उभी राहिले. थेरपिस्टनं सांगितलं होतं, शांतता मागायची नाही, तिची वाट बघायची. पहिलीची मुलं! त्यांना वाटलं, बाईंना पंख्याचं बटण हवंय. गोंधळ वाढत गेला. शेजारच्या बाई दारात डोकावल्या आणि कपाळाला आठ्या घालून गेल्या. ओरडणं घशाशी आलं होतं. एक हाक मारली असती की क्षणात सगळं थांबलं असतं. मी घोटभर पाणी प्यायले. पुन्हा हात वर केला. त्या दिवशी गोष्ट झालीच नाही, कविता झाली नाही. घरी येऊन मी रडले, पण हळू.

पुढचे दिवसही तसेच गेले. मुलं थोडा वेळ गप्प बसायची आणि पुन्हा उसळायची. मग एकदा, हात वर करून दमल्यावर, मी नकळत दुसरी खूण केली. तळवा जमिनीकडे करून सरळ खाली दाबला. माझे वडील लूम बंद करायला सांगताना अशीच करायचे. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदम म्हणाली, "लूम बंद!" तिचे वडील लूमवर असावेत. तिनं शेजारच्याला दाबून बसवलं. "अरे, लूम बंद बोल रही हैं बाई!" हा खेळ आहे हे कळायला मुलांना वेळ लागला नाही. सगळी धपाधप खाली बसली आणि तोंडं मिटून माझ्याकडे बघू लागली. लूम कधी चालू होणार?

मी दोन्ही मुठी एकमेकींसमोर मागेपुढे केल्या. एकच दंगा. तळवा खाली, गप्प. हे आम्ही बराच वेळ केलं. मग मी त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि कावळ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, इतक्या हळू की मागची मुलं पुढं सरकून आली.

त्यानंतर एकेक खूण वाढत गेली. पेन्सिलचं टोक मोडलं की दोन बोटं जोडून सोडायची. ती धागा तुटल्याची खूण होती. मुख्याध्यापिकाबाई येताना दिसल्या की मिशीला पीळ; कारखान्यात मालक आल्याची खूण ती. बाईंना मिशी कुठली, म्हणून मुलं त्यावर पोट धरून हसायची, तीही तोंड बंद ठेवून. एक दिवस शाळा सुटताना एक पालक माझ्याकडे आले. अंगावर कापसाचे तंतू, सरळ ड्युटीवरून आलेले.

"मॅडम, मेरा बच्चा घर में बोलता है, टीचर ने तार टूटा सिखाया. सच में?"

मला वाटलं, तक्रार आहे. शाळेत हे कशाला शिकवता, असं विचारतील. मी हळू आवाजात सगळं सांगितलं: माझा घसा, वडील, वर्ग. त्यांनी ऐकून घेतलं. मग दोन्ही हात वर करून त्यांनी मला आणखी एक खूण दाखवली, जी माझ्या वडिलांनी कधी केली नव्हती.

"इसका मतलब, बहुत बढ़िया चल रहा है," ते म्हणाले आणि मुलाचं बोट धरून निघून गेले.

परीक्षेनंतर पुन्हा ठाण्याला गेले. नळी, ई, पडदा. दाणे होते, पण बारीक झाले होते. एका बाजूचा तर शोधावा लागला. "ऑपरेशनची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हे आयुष्यभर सांभाळायचं." मी म्हटलं, सांभाळेन. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्ग माझ्याकडेच ठेवला. शेजारच्या बाईंनी एकदा मधल्या सुट्टीत विचारलं, की त्या बुडबुड्यांचं नेमकं काय करायचं असतं. त्यांचाही घसा हल्ली शुक्रवारी बसायला लागला होता.

पूर्वीचा आवाज मात्र परत आला नाही. मैदानाच्या टोकापर्यंत आता मी पोचत नाही. खेळांच्या दिवशी माइक लागतो. वरच्या पट्टीतली आरती मी म्हणत नाही, टाळ्या वाजवते. याचं वाईट वाटतं. त्या आवाजाचा मला अभिमान होता, आणि एखादी गोष्ट सोडताना तिच्याबरोबर अभिमानही जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ओरडणं पूर्ण सुटलंय असंही नाही. घाई असली, राग असला, की ते घशाशी येऊन उभं राहतंच. मी पाय उचलते. कधी पाय जिंकतात, कधी तोंड. पाय जास्त वेळा जिंकतात, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेल्यात पाणी घेते.

लेक आता दहावीत आहे. परवा तिनं आतल्या खोलीतून हाक मारली, "आई! माझी भूमितीची वही कुठंय?" मी कणीक मळत होते. उत्तर दिलं नाही. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा मोठी. मी हात धुतले नाहीत, उठले नाही, खाकरलेही नाही. थोड्या वेळानं पावलं वाजली आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, जरा चिडलेली.

"ऐकू नाही येत का तुला?"

"येतं," मी म्हटलं. "बोल."

तिनं एक श्वास घेतला आणि वहीबद्दल विचारलं. वही तिच्याच दप्तरात होती. ती घ्यायला न जाता ती तिथंच ओट्याला टेकली आणि शाळेतल्या एका मैत्रिणीबद्दल काहीतरी सांगायला लागली.